पत्र्याचा ट्रे की स्टोनवेअर? तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात बिस्किटांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, "स्टोनवेअरवर वेळ थोडा जास्त धरा", आणि त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की म्हटलं यावेळी सगळं सदर यालाच देऊन टाकू. एका ताईंनी तर तडकलेल्या भांड्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवलाय आणि खाली फक्त "का?" एवढंच लिहिलंय. ताई, तुमचं उत्तर खाली तिसऱ्या नंबरला आहे.

आधी एक गोंधळ मिटवते, कारण निम्म्या पत्रांत तो आहे. स्टोनवेअरच्या नावात स्टोन असला तरी ते दगडाचं भांडं नाही, ती माती आहे, पण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेली. एवढ्या तापमानाला मातीतला काही भाग वितळतो आणि बाकीच्या कणांना घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे भांडं कडक होतं आणि पाणी जवळजवळ पीतच नाही. साधी मातीची भांडी याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजतात म्हणून ती पाणी पितात. आणि पत्र्याचा ट्रे म्हणजे तो सपाट, इंचभर कडा असलेला, बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा, कधी स्टीलचा आणि वर काळं कोटिंग दिलेला. एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

ताई, एकाच पिठाची बिस्किटं केली, ओव्हन तोच, तापमान तेच. पत्र्याच्या ट्रेवर १२ मिनिटांत तळ करपला आणि स्टोनवेअरच्या ट्रेवर १२ मिनिटांनी तळ पांढराफटक. मग रेसिपीत लिहिलेला वेळ नक्की कुठल्या भांड्याचा?

बहुतेक रेसिपींमधला वेळ पत्र्याच्या ट्रेचा असतो, तोही फिक्या रंगाच्या अॅल्युमिनियमच्या ट्रेचा. लिहिणारा ते लिहीत नाही कारण त्याच्या घरी तोच असतो आणि त्याला वाटतं सगळ्यांकडे तोच असेल.

फरक किती आहे ते बघा. उष्णता वाहून नेण्याची ताकद मोजायची एक पद्धत आहे, त्यात अॅल्युमिनियमचा आकडा २०० च्या आसपास येतो, साध्या स्टीलचा ५० च्या आसपास, स्टेनलेसचा १५ आणि स्टोनवेअरचा १ ते २. म्हणजे तुम्ही पत्रा काढून स्टोनवेअर ठेवलंत की बिस्किटाच्या खालचा रस्ताच बदलला. पत्रा मिलिमीटरभर जाडीचा, ओव्हनची हवा लागली की मिनिटा-दोन मिनिटांत तापून वरच्या पिठाला चटका द्यायला लागतो. स्टोनवेअर सेंटिमीटरभर जाड, आधी स्वतः तापणार, मग वर काय ठेवलंय त्याकडे बघणार. तोपर्यंत तुमच्या १२ मिनिटांतली पाच-सहा गेली.

मी स्वतः एकदा हे नीट करून बघितलं. अर्धं पीठ इकडे, अर्धं तिकडे, दोन्ही ट्रे थंड, एकामागून एक त्याच मधल्या खणात. पत्र्यावरच्या बिस्किटाची कड ९ व्या मिनिटाला सोनेरी, १२ व्याला तळ छान खरपूस, १४ व्याला कडेची दोन कामातून गेली. स्टोनवेअरवर १२ व्या मिनिटाला उलथन्याने उचलून बघितलं तर बिस्किटाचा तळ ओलसर आणि चक्क वाकतोय. १७ व्या मिनिटाला जमलं. पण खरी गंमत नंतर आहे. पत्र्यावरची बाहेर काढल्यावर जशी होती तशीच राहिली, आणि स्टोनवेअरवरची मी कौतुकाने ट्रेवरच ठेवली, फोनवर बोलत बसले आणि परत येऊन बघते तर अजून दोन शेड गडद. भांडं बाहेर आलं तरी त्याचं काम चालूच होतं. त्यामुळे स्टोनवेअरवरून बिस्किट जरा आधीच काढायचं आणि लगेच जाळीवर ठेवायचं.

आता तुमचा तळ करपतोय त्याबद्दल. तुमचा ट्रे काळ्या कोटिंगचा आहे का? पत्रात लिहिलं नाहीत पण माझी खात्री आहे की असणार. चकचकीत अॅल्युमिनियम ओव्हनच्या भिंतींमधून येणारी धग बरीचशी परत फेकतं, काळा पृष्ठभाग ती जवळजवळ सगळी पिऊन टाकतो. काळ्या ट्रेवर तापमान १०-१५ अंशांनी कमी ठेवा किंवा दोन-तीन मिनिटं आधी काढा. तरी करपत असेल तर एकावर एक दोन ट्रे ठेवून भाजा, मधल्या हवेच्या थरामुळे खालचा चटका मंदावतो. हा उपाय जुना आहे आणि फुकट आहे.

आणि दुसरा घाणा गरम ट्रेवर टाकू नका, कुठल्याच. ओव्हनमध्ये जायच्या आधीच पिठातलं लोणी वितळायला लागतं आणि बिस्किटं पसरून एकमेकांत जातात. पत्रा पाच-सात मिनिटांत गार होतो, स्टोनवेअरला अर्धा तास लागेल, म्हणून चार घाणे काढायचे असतील तर मी स्टोनवेअरला हातच लावत नाही.

मी पिझ्झासाठी स्टोन घेतला. दहा मिनिटं प्रीहीट करून वापरला तर पत्र्यापेक्षाही वाईट, तळ कच्चा. पैसे वाया गेले का?

नाही गेले, दहा मिनिटं गेली. ओव्हनचा दिवा बंद झाला किंवा बीप वाजली म्हणजे हवा तापली, स्टोन नाही. दीड सेंटिमीटर जाडीच्या स्टोनला ३० ते ४५ मिनिटं द्यायलाच लागतात.

कशासाठी एवढं, ते आकड्यात सांगते. ३ किलोचा स्टोन ३० अंशांवरून २३० ला नेला की त्यात साधारण ५४० किलोज्यूल उष्णता साठते. अॅल्युमिनियमचा मोठा ट्रे असतो पाऊण-एक किलोचा, त्यात तेवढ्याच तापमानाला १५० च्या आसपास. म्हणजे स्टोन ही साडेतीन पट मोठी टाकी आहे. थंड ओला गोळा लाटून वर टाकला तरी स्टोनचं तापमान फारसं ढासळत नाही, तळाचं पाणी पटकन उडतं आणि मग १४० अंशांच्या वर गेल्यावर तो खमंग लालसर रंग यायला लागतो. पत्र्याची टाकी लहान, पण नळ मोठा, जे असेल ते एका झटक्यात देऊन टाकतो आणि मग ओव्हनच्या तोंडाकडे बघत बसतो. तुम्ही स्टोनची टाकी भरायच्या आधीच नळ सोडलात.

तापमान मोजायला बरेच जण ते पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. स्टोनवर ते बरोबर दाखवतं. चकचकीत अॅल्युमिनियमवर ते साफ खोटं बोलतं, खूपच कमी आकडा दाखवतं, कारण अशा पृष्ठभागावरून स्वतःची धग फार कमी बाहेर पडते. एका वाचकाने लिहिलंय की "माझा ट्रे २३० च्या ओव्हनमध्ये अर्ध्या तासाने ८० अंश दाखवतो", तर दादा, तुमचा ट्रे थंड नाहीये, हात लावून बघू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. पिझ्झाचा स्टोन आणि स्टोनवेअरचं बेकिंगचं भांडं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चांगला पिझ्झा स्टोन बहुतेक वेळा कॉर्डिएराइटचा असतो, ते तापल्यावर फारच कमी प्रसरण पावतं म्हणून त्याला असा रिकामा तापवून वर थंड पीठ टाकलेलं चालतं. झिलईचं खोलगट स्टोनवेअरचं भांडं असं रिकामं तापवून त्यात थंड काही ओतलं, तर पुढच्या पत्रातल्या ताईंसारखा फोटो काढायची वेळ येईल.

(दोन तुकड्यांचा फोटो) का?

ताई, तुम्ही काही लिहिलं नाहीत पण फोटोत मागे सिंक दिसतंय, त्यावरून अंदाज बांधते.

माझं स्वतःचं असंच गेलं म्हणून सांगते. सुंदर निळसर झिलईचं चौकोनी भांडं, भेट आलेलं. भाजलेल्या भाज्या काढून घेतल्या, खाली मसाला चिकटलेला, म्हटलं गरम आहे तोवर सुटेल, आणि सरळ नळाखाली धरलं. मोठा आवाज वगैरे काही नाही, फक्त "टच्" असं झालं, बोट मोडावं तसं. वाटलं काही नाही झालं. मग पाणी खालून गळायला लागलं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत केसासारखी रेघ, आणि दुसऱ्या दिवशी उचललं तर अर्धं हातात, अर्धं ओट्यावर.

होतं काय, की ज्या गुणासाठी आपण स्टोनवेअर घेतो तोच इथे उलटतो. उष्णता त्यातून हळू जाते. वरचा थर पाण्याने गार होऊन आकसतो, आतला थर अजून दीड-दोनशे अंशांवर फुगलेलाच असतो, आणि दोघांत ओढाताण होते. धातूत अशी ओढाताण झाली तर तो वाकतो, माती वाकत नाही, फुटते. अॅल्युमिनियममध्ये मुळात एवढा फरकच पडत नाही, एका टोकाचं तापमान लगेच दुसऱ्या टोकाला कळतं. शिवाय काही स्टोनवेअरच्या मातीत भट्टीत भाजताना क्रिस्टोबलाइट नावाचा सिलिकाचा प्रकार तयार होतो, तो २२६ अंशांच्या आसपास अचानक आकार बदलतो. म्हणजे बरोबर आपल्या ओव्हनच्या टप्प्यात. मातीकाम करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, आपल्याला भांडं फुटल्यावर कळतं.

तर फ्रिजमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये नाही. गॅसच्या ज्योतीवर नाही. वरच्या ग्रिलच्या कॉइलखाली अगदी जवळ नाही, कारण तिथे वरचा भाग भाजतो आणि तळ थंड राहतो. बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर किंवा ग्रॅनाइटवर नाही, खाली घडी घातलेलं कोरडं फडकं किंवा लाकडी पाट हवा. मध्येच पाणी किंवा रस्सा घालायचा झाला तर तो गरम हवा. फ्रीझरमधला बर्फाचा गोळा एका कोपऱ्यात ठेवून बाकी भांडं रिकामं, हे तर सगळ्यात वाईट. मी आता भांडं थंड ओव्हनमध्येच ठेवते आणि मग ओव्हन चालू करते, सात-आठ मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

एक तपासणी जाता जाता. भांडं हलकेच एका हाताच्या तळव्यावर तोलून धरा आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, दिसत नसली तरी. असं भांडं फळं ठेवायला वापरा, ओव्हनमध्ये नको. तुमचे दोन तुकडे चिकटवून परत भाजायला वापरायचे हा विचार मनात आला असेल तर तोही सोडून द्या.

आमचा ट्रे ओव्हनमध्ये "धाडकन" वाजतो. सासूबाई घाबरून उठल्या. फुटेल का?

नाही हो, सासूबाईंना सांगा काही होत नाही. अॅल्युमिनियम तापलं की वाढतं. ४५ सेंटिमीटर लांबीचा ट्रे २०० अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरभर लांब होतो. सगळा ट्रे एकसारखा वाढला तर आवाज नाही, पण एका बाजूला थंड बटाटे आणि दुसरी बाजू मोकळी असली की मोकळी बाजू आधी वाढते, कडा तिला धरून ठेवतात, आणि शेवटी मधला पत्रा डबा दाबल्यासारखा एकदम पलटी खातो. तोच तो धाडकन. गार झाल्यावर बहुतेक परत सपाट होतो.

पातळ ट्रे जास्त वाजतात. घेताना मिलिमीटरभर जाडीचा, ज्याची कड आत तार घालून वळवलेली आहे असा घ्या, तो पुष्कळ शांत असतो. कायमचा वाकला असेल तर टोस्ट भाजायला ठेवा, तेल-पाणी एका कोपऱ्यात जाईल अशा कामाला नको.

काकू, भाज्या ओव्हनमध्ये भाजल्या की माझ्या नेहमी उकडल्यासारख्या होतात. कोणी म्हणालं स्टोनवेअर घे, त्यात छान होतात. घेऊ का?

घेऊ नकोस गं. तुझ्याकडे भांड्याची अडचण नाहीये, गर्दीची आहे. तू लिहिलंयस "दीड किलो भाजी, मध्यम ट्रे", तिथेच मला उत्तर दिसलं.

भाजी भाजायची म्हणजे आधी तिच्या अंगावरचं पाणी उडवायचं. १ किलो बटाट्यातून २०० ग्रॅम पाणी वाफ करून घालवायला साधारण ४५० किलोज्यूल लागतात. तापलेल्या पत्र्यात साठलेली सगळी उष्णता दिलीस तरी एक तृतीयांश. बाकीची हवेतून यायला हवी, आणि हवा पोचायला फोडींच्या मध्ये जागा हवी. फोडी एकमेकींना चिकटून असतील तर एकीची वाफ दुसरीच्या अंगावर जाते आणि पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही, मग रंग कुठून येणार. स्टोनवेअरच्या उंच कडांच्या भांड्यात हे आणखी बिघडेल, कारण वाफ त्या भिंतींच्या आत घुटमळते.

त्यामुळे पत्र्याचाच ट्रे, त्याच्या इंचभर कडेचा फायदाच हा. दोन ट्रे कर हवं तर. रिकामा ट्रे ओव्हनमध्ये २२० ला दहा मिनिटं तापव, फोडी पुसून कोरड्या कर, तेल-मीठ लाव, आणि गरम ट्रेवर कापलेली बाजू खाली करून एकेरी थरात मांड. चर्र असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर ट्रे तापलेला नाही. मग २० मिनिटं अजिबात ढवळायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितेय, दार उघडून बघावंसं वाटतं. उलथनं घातल्यावर फोड स्वतःहून सुटली तर खालून झाली, चिकटून बसली तर अजून वेळ दे.

स्टोनवेअर कुठे छान, तर जिथे तुला वाफ आतच हवी आहे तिथे. चीज घातलेला पास्ता, थरांची भाजी, फळांचं पुडिंग, दोन तास मंद भाजायचं काहीही. कडा जळत नाहीत, मधला भाग सावकाश शिजतो आणि टेबलवर आणल्यावर अर्धा तास गरम राहतं. पत्र्याच्या ट्रेतला पास्ता वाढेपर्यंत निवतो.

मी निवृत्त माणूस, वाचन भरपूर. अॅल्युमिनियम विषारी म्हणतात, झिलईत शिसं म्हणतात, नॉनस्टिकचा धूर वाईट म्हणतात. मग माणसाने भाजायचं कशात?

काका, तिन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्ही वाढवून सांगितल्या जातात.

अॅल्युमिनियम जमिनीतच भरपूर आहे, पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉननंतर तिसरा नंबर त्याचा, त्यामुळे ते अन्नात एरवीही थोडं असतंच. आंबट, खारट पदार्थ आणि जास्त वेळ असं एकत्र आलं की ट्रेमधून जास्त उतरतं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर लावलेलं काही असेल तर खाली बेकिंग पेपर घाला आणि भाजून झाल्यावर ट्रेवर रात्रभर ठेवू नका, नाहीतर ट्रेलाही खड्डे पडतात आणि पदार्थाला धातूची चव येते. स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध खूप वर्षं चर्चेत आहे पण तो सिद्ध झालेला नाही. ज्यांच्या किडन्या नीट काम करत नाहीत त्यांच्या शरीरातून अॅल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं.

शिशाचं असं की झिलई कमी तापमानाला वितळावी म्हणून ते घालत असत. त्यामुळे धोका जास्त करून कमी भाजलेल्या, रंगीबेरंगी, जुन्या किंवा शोभेच्या मातीच्या भांड्यांत असतो. स्टोनवेअर १२०० च्या वर भाजतात, तिथे झिलई वितळायला शिशाची गरज लागत नाही. तरीही जे भांडं शोभेचं म्हणून मिळालंय त्यात भाजायचं नाही, आणि ज्याची झिलई उडालीय त्यात आंबट काही ठेवायचं नाही.

नॉनस्टिकवर बहुतेक जे कोटिंग असतं, पीटीएफई, त्याची मर्यादा २६० अंश धरतात. नेहमीच्या बेकिंगला तेवढं तापमान लागत नाही. रिकामा नॉनस्टिक ट्रे ग्रिलखाली लाल होईपर्यंत तापवणं मात्र चूक, घरात पाळलेला पक्षी असेल तर फारच, कारण अति तापलेल्या कोटिंगचा धूर पक्ष्यांच्या जिवावर बेततो. कोटिंग पोपडे धरायला लागलं की ट्रे बदला. मी कोटिंग नसलेला साधा ट्रे आणि वर कागद यावरच आहे, काळजीच नको.

ट्रे काळा-तपकिरी झालाय, घासून हात दुखले. सोडा लावून रात्रभर ठेवू?

रात्रभर नको. सोडा अल्कधर्मी, त्याने अॅल्युमिनियम आणखी काळवंडतं, डिशवॉशरमध्येही त्याच कारणाने ट्रे राखाडी पडतात. अर्धा तास लावून धुवा, निघेल तेवढं निघेल. बाकी जे राहतं ते तेल तापून तापून बनलेलं पक्कं वार्निश आहे, ते अन्नात उतरत नाही, उलट अशा ट्रेवर रंग लवकर येतो. माझा सगळ्यात लाडका ट्रे सगळ्यात घाणेरडा दिसतो, पाहुणे आले की तो मी लपवते.

झिलईच्या स्टोनवेअरला साबण, भिजवणं सगळं चालतं, फक्त आधी पूर्ण गार होऊ द्या. त्यावर राखाडी रेघा दिसतात त्या चिरा नसतात, चमचा-सुरीचा धातू झिलईवर घासून उरलेला असतो, ऑक्झॅलिक आम्ल असलेल्या सौम्य पावडरने निघतात. बिनझिलईच्या स्टोनला साबण लावू नका, तो साबण धरून ठेवतो आणि पुढच्या पावाला वास येतो. खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, नीट वाळू द्यायचं. डाग राहिले तर राहू देत.

बेकिंग पेपर २५० ला चालतो का? बऱ्याच कागदांची मर्यादा २२० ते २३० असते, डब्यावर छापलेली असते. पिझ्झाखाली घातलात तर तीन-चार मिनिटांनी पीठ घट्ट झालं की ओढून काढा.

स्टोनवेअर मायक्रोवेव्हमध्ये? सोनेरी-चंदेरी काठ नसेल तर चालतं. पण पदार्थापेक्षा भांडंच जास्त तापायला लागलं तर समजा त्याने कुठून तरी पाणी शोषलंय, ते बाजूला ठेवा.

भाड्याची खोली, छोटा ओटीजी, जागा नाही. एकच घ्यायचं तर काय घेऊ?

पत्र्याचा ट्रे. यात मला अजिबात शंका नाही, स्टोनवेअर मला कितीही आवडत असलं तरी. हलका, पडला तर फुटत नाही, ओव्हन लहान असेल तर पटकन तापतो, आणि उभा करून कपाटाच्या फटीत राहतो.

पण आधी ओटीजीच्या आतलं माप घ्या, दार बंद करून जेवढी जागा उरते तेवढंच खरं. बेकरीवाले ज्याला हाफ शीट म्हणतात तो ४५ बाय ३३ सेंटिमीटरचा असतो, तो तुमच्याकडे जाणार नाही. त्याच्या अर्धा, ३३ बाय २४ चा मिळतो, तो बघा. चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर ट्रेच आडवा येऊन हवा अडवतो आणि वरचं कच्चं, खालचं करपलेलं होतं. छोट्या ओव्हनमध्ये कॉइल अगदी जवळ असतात म्हणून काळा घेऊ नका, फिका घ्या. आणि बरोबर जाळी येत असेल तर तीही घ्या, ट्रेमध्ये बसणारी.